वर ताजी तारीख, खाली शिळा आकडा

गहिनीनाथतात्यांना कुणी नुसता रामराम घातला, तरी ते आधी मागं वळून बघायचे, की हा नक्की मलाच घालतोय ना, आणि घालतोय तर का घालतोय. असा माणूस. दुकानातून साखर आणली तर घरी येऊन पुन्हा तोलायची. डॉक्टरनं दिलेली चिठ्ठी मेडिकलवाल्याला आणि मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी डॉक्टरला दाखवून यायची. त्यांची बायको रंगुबाई चारचौघींत सांगायची, "ह्यांनी लग्नात अंतरपाटाच्या वरून वाकून बघितलं हुतं, दाखवलेली पोरगी तीच हाय का म्हणून." तात्या यावर हसत नसत, कारण ते खरं होतं.

त्यात नोकरी मिळाली ती अशी, की आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. भिंगारला लष्कराच्या एका कोठाराच्या गेटवर पहारेकरी म्हणून त्यांची उभी हयात गेली. संध्याकाळी कामगार सुटले की एकेकाची पिशवी, डबा, सायकलची सीटसुद्धा चाचपायची. कुणी खुलासा द्यायला लागला की तात्या मान हलवत म्हणायचे, "बरं बरं." त्या 'बरं बरं'चा अर्थ सगळ्या गेटला पाठ होता: तू बोल बाबा, मला काही पटलेलं नाही.

एकदा सहादेव नावाच्या हमालाच्या पिशवीत कोरी करकरीत टॉर्च निघाली. विकत घेतलीय म्हणून तो गयावया करत राहिला. दुसऱ्या दिवशी बिचारा बाजारातल्या दुकानदारालाच हाताला धरून गेटवर घेऊन आला. दुकानदार म्हणाला, माझ्याच दुकानातली आहे. कोठारातल्या टॉर्च मोजल्या, त्याही पुऱ्या भरल्या. साहेबांनी सहादेवला सोडून दिलं. तात्या म्हणाले, "बरं बरं." आणि पुढं निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी सगळ्यात आधी सहादेवचीच पिशवी उघडली.

निवृत्तीनंतर तात्या कर्जतच्या पुढं आपल्या सिदोबाच्या वाडीला परत आले. आता गेट नाही, पिशव्या नाहीत. पण सवय का कुठं जाते? जित्याची खोड ती. तपासायला आख्खी वाडी मिळाली, आणि वाडीच्याही आधी घरातली सून मिळाली.

सून म्हणजे स्नेहल. श्रीगोंद्याकडची, संगणकाची पदवी घेतलेली. नवरा अमृत हा नगरला कंपनीत, शनिवारी यायचा. ही पोरगी घरी लॅपटॉपवर कुठल्याशा पुण्याच्या ऑफिसचं काम करायची, आणि सोमवारी गावाचं. गावाचं काम म्हणजे पाण्याचा अहवाल.

हे पाण्याचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण त्याच्यावरच आहे. वाडीला पिण्याच्या पाण्याची एकच गावविहीर. भोवतालच्या शेतांतल्या मोटारी धडाधड उपसायला लागल्या की हिचं पाणी उतरायचं आणि उन्हाळ्यात टँकरपुढं हंड्यांची रांग लागायची. शेवटी गावानं सिदोबाच्या देवळात भंडारा उचलून, शपथेवर नेम केला: दर सोमवारी ठरलेल्या विहिरींचं पाणी मोजायचं. सरासरी तीन मीटरच्या वर असेल तर शेताला पाणी घ्या. खाली गेली की मोटारी बंद, मग कुणाचं पीक वाळो नाहीतर जळो. उरलं ते माणसांच्या आणि जनावरांच्या तोंडासाठी. ज्योती नावाची गावातलीच मुलगी टेप सोडून विहिरी मोजायची, मोजमापं मोबाईलवरून पाठवायची, आणि स्नेहल त्याचा कागद काढून देवळाच्या फळ्यावर लावायची.

तिची रीत मोठी मजेशीर होती. अहवाल ती साध्या मजकुराच्या फाईलीत लिहायची. ना रंग, ना चौकटी, नुसती अक्षरं. मध्येमध्ये कोडचे छोटे तुकडे. त्या तुकड्यांत लिहिलेलं असायचं, की ज्योतीच्या मोजमापांची फाईल उघड, सरासरी काढ, आलेख काढ. मग 'छापायचा कागद तयार कर' असा हुकूम दिला की लॅपटॉप ते तुकडे एकेक करून चालवायचा, आलेलं उत्तर जागच्या जागी भरायचा, आणि नीटस कागद बाहेर पडायचा.

"तात्या, आकड्याला माझा हात लागतच नाही," ती सांगायची. "यंत्रच मोजतं आणि यंत्रच भरतं."

"बरं बरं," तात्या म्हणायचे.

माघातल्या एका सोमवारी काय झालं, दुपारी कागद फळ्यावर लागला आणि संध्याकाळी लांबच्या वस्तीवरच्या विहिरीचं मोजमाप उशिरा आलं. स्नेहलनं इमानदारीत पुन्हा कागद काढला. सरासरी किंचित बदलली. झालं! तात्यांनी दोन्ही कागद मिळवले, शेजारी शेजारी धरले आणि गावाच्या बैठकीत उभे राहिले. स्वतःच्या सुनेविरुद्ध हो!

"एका सोमवारचे दोन आकडे? आमच्या गेटवर एका पेटीवर दोन शिक्के दिसले तर ती पेटी आत सुटत नव्हती. एकदा आलेला आकडा हलता कामा नये."

लोक हसले, पण हसता हसता दोघाचौघांनी माना पण डोलावल्या. स्नेहल लालबुंद झाली. घरी येऊन तिनं लॅपटॉप उघडला आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक सूचना लिहिली. म्हणाली, "घ्या तात्या. आता एकदा काढलेलं उत्तर यंत्र जपून ठेवील आणि पुढच्या वेळी तेच वापरील. उगीच पुन्हा पुन्हा हिशेब नाही. लाईट जायच्या आत कागदही निघेल."

"म्हंजी आकडा हलायचा न्हाई?"

"नाही हलायचा."

तात्यांना लई समाधान वाटलं. सुनेला सरळ केली, असं ते त्या दिवशी रंगुबाईला म्हणाले सुद्धा. रंगुबाईनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "तुमचं समाधान म्हंजी मांजराची झोप."

आणि खरोखर, होळी झाली तरी आकडा हलला नाही.

साडेचार मीटर. पुढच्या सोमवारी साडेचार. त्याच्या पुढच्या सोमवारी, ऊन मी म्हणत होतं, तरी साडेचारच. गाव खुशीत. बंधाऱ्यातला गाळ काढला त्याचं फळ, असं सरपंच सांगत सुटले. उन्हाळी कांदा लावलेल्यांनी मोटारी चालूच ठेवल्या. मनासारखं उत्तर मिळाल्यावर कोण कशाला विचारतंय, हिशेब कसा केला म्हणून!

विचारणारा एकच. तात्या सकाळी फिरायला म्हणून गावविहिरीवर जायचे. आत डोकावायचे. जी पायरी हळदीकुंकवाच्या दिवसांत पाण्याखाली होती, ती कोरडी पडली होती. तिच्या खालची पण. दगडावर शेवाळाचा वाळलेला पट्टा दिसत होता. तात्यांच्या मनात लगेच संशय येऊन बसला. पाणी उतरतंय आणि कागद उतरत नाही. म्हणजे कुणीतरी आकडा धरून ठेवलाय.

आधी त्यांनी ज्योतीला धरलं. तिच्या मागं मागं विहिरीवर गेले, टेप स्वतःच्या हातानं ओढून बघितला, कुठं कापून जोडलाय का तेही बघितलं. ज्योतीनं त्यांच्या देखत माप घेतलं, त्यांच्या देखत मोबाईलवर पाठवलं. माप चोख होतं, पाणी पार उतरलेलं होतं. दुपारी कागद लागला, तर वर त्याच दिवसाची ताजी तारीख आणि खाली साडेचार!

म्हणजे चोर गेटच्या बाहेर नव्हता. घरात होता.

आता संशयाला नुसता सांगाडा मिळून भागत नाही, त्याला मांस लागतं. ते मिळालं सुनीलच्या रूपानं. सुनील हा वाडीतला मोठा कांदावाला आणि स्नेहलच्या माहेरच्या भावकीतला. तिला ताई म्हणायचा. एक दिवस तात्या शेतातून आले तर हा ओट्यावर चहा पीत बसलेला, आणि स्नेहल त्याला लॅपटॉपवर काहीतरी दाखवतेय. तात्यांना बघून सुनील उठला. तसा तो कुणीही वडीलधारा आला की उठायचाच. पण तात्यांच्या मनात ठिणगी पडली ती पडलीच. सुनीलच्या कांद्याला अजून दोन पाणी हवीत. आकडा खाली आला तर मोटार बंद. मोटार बंद तर कांदा गेला. माहेरच्या माणसासाठी बाई आकडा दाबून बसलीय!

सुनेला सरळ विचारायचं होतं की नाही? एका घरात राहता, तिच्या हातची भाकरी खाता. पण नाही. विचारलं तर खुलासा मिळतो, आणि खुलाशावर तात्यांचा विश्वास नव्हता. ते शेजारच्या बनुबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. ही बनुबाई म्हणजे गावाचा भोंगा. तिला तात्या हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका. पन आमच्या सूनबाईनं सुनीलसाठी आकडा धरून ठेवलाय."

"आगं बाई!" बनुबाई म्हणाली. "सासराच म्हणतोय म्हंजी खरंच आसंल."

दुसऱ्याच दिवशी रंगुबाई गिरणीवरून आली ती दळणाचा डबा दाणकन आपटून. तोंड पिठानं पांढरं आणि रागानं लाल.

"गिरणीवर बाया मला बघून गप झाल्या. आन मग एक म्हणली, सुनेचा कागद काय म्हणतोय मावशी, माहेरचा कांदा पोसतोय व्हय? कुनी पेरलं हे? तुमीच न्हवं? उचलली जीभ लावली टाळ्याला! अवो, घरातली लेक हाय ती! तिला इचारायचं तरी!"

स्नेहल आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, ओरडली पण नाही. लॅपटॉप आणला, तात्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "बसा तात्या. तुमच्या देखत कागद काढते. कर नाही त्याला डर कशाला?"

तिनं हुकूम दिला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच कागद आला. साडेचार मीटर.

"बघ," तात्या म्हणाले.

"थांबा," स्नेहल म्हणाली. "एवढ्या पटकन कसा आला?" तिनं ज्योतीच्या मोजमापांची फाईल उघडली. सगळ्या सोमवारांची मापं त्यात होती, एकाखाली एक, प्रत्येक वेळी आधीपेक्षा उतरलेली. शेवटच्या सोमवारची तर तीनच्याही खाली. स्नेहलचा चेहरा उतरला. तिनं तुकड्यांच्या डोक्यावरची ती सूचना काढून टाकली आणि पुन्हा हुकूम दिला. आता लॅपटॉपचा पंखा घुरघुरायला लागला. वेळ लागला. कागद आला: दोन मीटर सत्तर.

"अरे देवा," ती कपाळावर हात मारत म्हणाली. "तात्या, ही माझी चूक आहे. मला वाटलं होतं, नवी मापं आली की यंत्राला कळेल. पण ते मापांच्या फाईलीकडे बघतच नाही. ते फक्त एवढं बघतं, की हिशेबाचा तुकडा तोच आहे ना? तोच आहे. मग कशाला कष्ट घ्या, मागचंच उत्तर चिकटवून द्या. माघातलं उत्तर ते दर सोमवारी नव्या तारखेखाली चिकटवत होतं. आणि मीही वर तारीख ताजी बघून कागद लावत होते. आकड्याकडे नीट बघितलंच नाही."

"आन सुनील?"

"सुनीलदादा ठिबकची जाहिरात खरी आहे का विचारायला आला होता."

तात्यांनी तोंड उघडलं. 'बरं बरं' ओठावर आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. पंखा त्यांच्यासमोर घुरघुरला होता, मापं त्यांच्यासमोर होती.

"ही सूचना तू घातली कशापायी?" त्यांनी विचारलं, उत्तर माहीत असून.

स्नेहलनं मान वर केली. "तुम्ही म्हणालात ना, एकदा आलेला आकडा हलता कामा नये."

रंगुबाई पदरानं तोंडावरचं पीठ पुसत होती. ती म्हणाली, "घ्या. आता सोताची पिशवी उघडा."

त्याच संध्याकाळी देवळापुढं बैठक बसली. स्नेहलनं स्वतःच बोलावली. दोन मीटर सत्तरचा कागद तिनं फळ्यावर लावला, जुने सगळे सोमवार दुरुस्त करून लावले, चूक कशी झाली ते एकूण एक सांगितलं आणि हात जोडले. नेमाप्रमाणे मोटारी बंद झाल्या. सगळ्यात मोठा फटका सुनीलला बसला. त्याचा कांदा पोसायच्या ऐन वेळी पाणी तुटलं. तो नुसतं म्हणाला, "ताई, आधी कळलं असतं तर मी निम्माच कांदा जगवला असता," आणि खाली मान घालून बसला. गावविहीर मात्र वाचली. अजून थोडे आठवडे गेले असते तर तळ दिसला असता, हे सगळ्यांना कळलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण गर्दीतून एक जण म्हणाला, "पकडली गेली म्हनून आकडा बदलला." दुसरा म्हणाला, "आन यंत्रावर ढकलतीय."

तात्या उठले. "चूक तिची न्हाई. मीच हट्ट धरला हुता, आकडा हलवू नको म्हनून. सुनीलचं पन मीच बोललो. न बघता बोललो. खोटं हाय ते."

मग मागून आवाज आला, "तात्या, आता सुनंला झाकता व्हय? तवा तर तुमीच म्हणलात!" आणि लोक हसले. माघात तात्यांच्या बोलण्यावर हसले होते, अगदी तसेच.

सरपंचांनी तोडगा काढला. अहवाल स्नेहलनंच करावा, पण दर सोमवारी कागद निघताना तिच्या शेजारी गावाचा एक माणूस बसेल. बनुबाईच्या थोरल्या पोराला नेमलं. पुढच्या सोमवारी तो आला, खुर्ची ओढून बसला आणि स्नेहलच्या बोटांवर नजर ठेवून राहिला. संगणकातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. स्नेहलनं आता हिशेब दर वेळी नव्यानं व्हायची सोय केली होती. पंखा घुरघुरत राहायचा आणि ती मान खाली घालून थांबायची. ओट्यावरून तात्या हे बघत होते. गेटवर पिशवी उघडी धरून उभा असलेला सहादेव असाच मान खाली घालायचा, हे त्यांना आठवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आठवलं.

थोरला गेल्यावर ते स्नेहलजवळ गेले. "सोड हे काम, पोरी. गावाची लायकी न्हाई."

"काम सोडलं तर म्हणतील, खरंच होतं," ती म्हणाली. मग लॅपटॉप मिटत म्हणाली, "तात्या, यंत्राचं सोपं असतं. एक सूचना पुसली की ते जुनं विसरतं आणि पुन्हा मोजतं. गावाचं कुठं जाऊन पुसायचं, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर बघा."

तात्यांना माहीत होतं. जिथं लिहिलं, तिथं. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि बनुबाईच्या ओट्यावर गेले. ती शेंगा फोडत बसली होती. या वेळी तात्यांनी आवाज हळू केला नाही. पहिल्यापासून सगळं सांगितलं: दोन कागद, आपला हट्ट, ती सूचना, शिळं उत्तर, ज्योतीची मापं, ठिबकची जाहिरात. भिंगारच्या गेटवर लोक कसे हात जोडून, घाम पुसत, एकेक गोष्ट पुराव्यानिशी सांगायचे, तसंच ते सांगत होते. शेवटी म्हणाले, "बनुबाई, माझी सून सोन्यासारखी हाय. तुमी जशी तवा माझी गोष्ट गावात सांगितली, तशी ही पन सांगा. मी पाया पडतो."

बनुबाईनं सगळं ऐकून घेतलं. हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल फुंकून उडवलं.

मग मान हलवत म्हणाली, "बरं बरं."